डायनोसॉरच्या पायाखालचे गवत

१.
डायनोसॉरचे चित्र समोर आले की सर्वांचे लक्ष प्राण्याकडे जाते. जबडा केवढा, मान किती लांब, शेपूट जमिनीला टेकलेले की हवेत उचललेले, याचीच चर्चा होते. त्याच्या पायाखाली काय उगवलेले दाखवले आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. विसाव्या शतकातील जाणते चित्रकार तिथे नेचे रंगवत, सायकससारखी झाडे रंगवत. गवत मात्र कटाक्षाने टाळत. हा संकेत मोडला तो महाराष्ट्रात सापडलेल्या एका पुराव्याने. त्या पुराव्याची आणि त्यानिमित्ताने नवी मुंबईच्या दगडांची ही हकीकत.

२.
जीवाश्मांच्या आधाराने नामशेष प्राणी आणि त्यांचा परिसर रंगवण्याच्या कलेला आज ‘पॅलिओआर्ट’ म्हणतात. तिचा आरंभ बहुधा १८३० पासून मानतात. त्या वर्षी हेन्री डे ला बेश या इंग्रज भूशास्त्रज्ञाने ‘ड्युरिया अँटिक्वियर’ हे जलरंगचित्र काढले. मेरी ॲनिंग या जीवाश्मसंशोधक स्त्रीने डॉर्सेटच्या किनाऱ्यावरून खणून काढलेले सागरी सरीसृप त्यात एकमेकांवर तुटून पडलेले दिसतात. घाबरलेल्या एका प्राण्याची विष्ठा पाण्यात पडतानाही त्यात दाखवली आहे. हा चावटपणा नव्हे. दगड झालेली विष्ठा हाही पुरावा असतो, हे त्याच सुमारास उमगले होते. पुढे ही गोष्ट उपयोगी पडेल.

३.
‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन याने १८४२ मध्ये रूढ केला. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स या शिल्पकाराने ओवेनच्या सल्ल्याने या प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभारले. त्यांपैकी इग्वानोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखे शिंग बसवले होते. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार्टच्या कोळसाखाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले. तेव्हा उलगडा झाला की ते हाड शिंगाचे नसून अंगठ्याचे आहे. पुतळे मात्र आजही त्याच उद्यानात आहेत आणि नाकावरचे शिंगही आहे.

४.
एकदा मनात बसलेले चित्र सहजी निघत नाही, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. एके काळी दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून पुस्तकांतून छापले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथातील चित्राचा माग काढून १९३३ मध्ये ते लोकांपुढे आणले, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. लेखी मजकुरातील चूक विद्वानांपुरती राहू शकते. चित्रातील चूक घराघरांत भिंतीवर लागते. म्हणून चित्राचा पुरावा तपासणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचेच काम ठरते, मग ते चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचे असो वा साडेसहा कोटी.

५.
आता एक प्रयोग करावा. खारघरच्या टेकडीवर एक चित्रकार बसला आहे. याच जागेचे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दृश्य त्याला रंगवायचे आहे. आरंभी रंग लागतच नाहीत, आधी पुसावे लागते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर उभे राहिलेले शहर पुसणे सोपे. पण ठाण्याची खाडीही पुसावी लागते. तिच्याबरोबर खारफुटी गेली, चिखल गेला आणि दर हिवाळ्यात तिथे येणारे फ्लेमिंगोही गेले.

६.
पुसणे एवढ्यावर थांबत नाही. पश्चिमेचा समुद्र काढून टाकावा लागतो, कारण आजचा कोकणकिनारा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. सध्या हिंदी महासागरात दूरवर असलेला सेशेल्सचा भूखंड त्या काळी भारताला पश्चिमेकडून जोडलेला होता. तो तुटून अलग झाला सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी. पूर्वेला दिसणारी सह्याद्रीची भिंतही पुसावी लागते. त्या कड्याचा दगड तेव्हा नुकता साचत होता. झिजून त्याचा कडा व्हायला पुढची कोट्यवधी वर्षे लागली.

७.
मग सूर्य. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटर इतक्या वेगाने उत्तरेकडे सरकत होता. ही जागा साधारणपणे आजच्या रियुनियन बेटाच्या अक्षांशाच्या आसपास होती. त्यामुळे वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य उत्तरेच्या आकाशात असे आणि सावल्या दक्षिणेकडे पडत. नवी मुंबईत आज दिसणारा प्रकाश जसाच्या तसा चित्रात उतरवला, तर रेखाटनात काही चूक नसूनही चित्र चुकते.

८.
आता जमीन. पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या, पांडवकड्याचा कातळ हे सारे बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचे. येथे चित्रकाराला मोह होतो तो शंकूच्या आकाराचा, माथ्यातून धूर ओकणारा ज्वालामुखी पर्वत काढण्याचा. दख्खनच्या पठाराची घडण तशी झालेली नाही. येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा त्यांतून वर येऊन पसरत गेला. अशा भेगांत थिजलेल्या दगडाच्या उभ्या भिंती कोकणात आजही दिसतात. दख्खनच्या या दगडाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. चित्रात हवा सपाट, काळा, सुरकुतलेला विस्तार आणि वर गंधकयुक्त वायूंनी गढूळ झालेले आकाश.

९.
हा लाव्हा एकाच वेळी आला नाही. एक थर आला, थिजला. मध्ये काळ गेला. मग दुसरा थर आला. कापलेल्या डोंगराकडे लक्षपूर्वक पाहिले तर दोन काळ्या थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबूस मातीचा पातळ पट्टा दिसतो. खालचा दगड उन्हापावसाने कुजून ती माती झाली. पट्टा हाताच्या रुंदीएवढा असला तरी त्यामागे दीर्घ विश्रांतीचा काळ असतो. त्या काळात पाऊस पडला, झाडेझुडपे रुजली, प्राणी वावरले. चित्र काढायचे तर या पट्ट्याचे. लाव्हा वाहत असतानाचे दृश्य नाट्यपूर्ण खरे, पण त्या भूमीने बहुतेक काळ या शांततेत काढला.

१०.
आणखी एक बारकावा. पनवेलच्या परिसरात हे थर आडवे राहत नाहीत, ते पश्चिमेकडे कलतात. भूशास्त्रात याला ‘पनवेल फ्लेक्झर’ म्हणतात. पश्चिमेचा भूखंड तुटताना किनारपट्टी खचली, त्याची ही खूण. घटना लाव्ह्यानंतरची. म्हणून ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या चित्रात हे थर चित्रकाराला पुन्हा आडवे करून घ्यावे लागतात.

११.
देखावा तयार झाला. आता त्यात प्राणी कोणते घालावेत? नवी मुंबईचा दगड याचे उत्तर देत नाही. वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही. दोन थरांच्या मधल्या काळात एखादे तळे साचले आणि त्याच्या गाळावर पुढचा लाव्हा येऊन बसला, तरच जीव जपला जातो. असा गाळ खाडीपलीकडे, मुंबईत वरळीच्या टेकडीत सापडला. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे होते. १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि ते करणारा होता तोच रिचर्ड ओवेन. त्याने ठेवलेल्या ‘राना पुसिला’ या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अगदी लहान’ असा आहे.

१२.
१९३० मध्ये जी. के. नोबल या अमेरिकी अभ्यासकाने या बेडकाला ‘इंडोबॅट्रॅकस’ हे नवे नाव दिले आणि त्याचे नाते ऑस्ट्रेलियातील बेडकांशी जोडले. मुंबईच्याच गाळात एक कासवही मिळाले. हेन्री जॉन कार्टर या मुंबईतील शल्यचिकित्सकाने १८५२ मध्ये त्याचे वर्णन केले. ते आज ‘कार्टेरेमिस लीथी’ या नावाने ओळखले जाते. लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमधील एक गोडे तळे, काठावर बोटाच्या पेराएवढे बेडूक, पाण्यात कासव: मुंबईचे प्राचीन चित्र हे एवढेच. क्रिस्टल पॅलेसच्या राक्षसी पुतळ्यांपुढे ते किरकोळ वाटेल. पण त्यातील प्रत्येक जिवाला दगडाची साक्ष आहे.

१३.
या चित्रात डायनोसॉर का नाही? कारण मुंबई बेटाचा दगड त्यांच्या अंतानंतरचा आहे. डायनोसॉर संपले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे २०० फूट उंचीचे खांब आणि त्या परिसरातील इतर खडक यांचे वय आधुनिक कालमापनानुसार ६ ते ६.३ कोटी वर्षांच्या आसपास येते. गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी डायनोसॉर उभा करणे म्हणजे पेशव्यांच्या दरबारात सातवाहन राजाला बसवण्यासारखे आहे. दोघेही खरे, पण भेट अशक्य.

१४.
डायनोसॉर हवे असतील तर चित्रकाराला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, याच लाव्ह्याच्या पूर्व सीमेकडे जावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील जीवाश्मांकडे लक्ष वेधले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते हेच. पिसदुऱ्याचा गाळ डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला आहे. पूरमैदाने, तळी, हंगामी पाऊस आणि बराचसा कोरडा काळ, असे त्या प्रदेशाचे स्वरूप अभ्यासकांनी मांडले आहे.

१५.
जवळच्या डोंगरगावात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा खणून काढला. सोहनलाल जैन व शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले. २००३ मध्ये संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘आयसिसॉरस’ झाले. लांब पुढचे पाय आणि तुलनेने आखूड मान ही त्याची वैशिष्ट्ये. पण या सांगाड्याची कवटी मिळाली नाही आणि मागचे पायही मिळाले नाहीत. म्हणजे आयसिसॉरसच्या कोणत्याही चित्रात त्याचा चेहरा उसना असतो.

१६.
उसनवारी करावी लागणारच. ती कोणाकडून केली हे महत्त्वाचे. आयसिसॉरस टायटॅनोसॉर कुळातला. अर्जेंटिनात याच कुळातील पिल्लांची अंड्यांत राहिलेली त्वचा दगडावर उमटलेली सापडली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यावर बारीक खड्यांसारखे खवले आहेत, म्हणून आयसिसॉरसला खडबडीत त्वचा देण्यास आधार आहे. रंगाला मात्र नाही. २०१० मध्ये चीनमधील काही पिसेधारी डायनोसॉरांच्या पिसांतील रंगकण ओळखता आले. विदर्भातील या प्राण्याबाबत तसे काही हाती आलेले नाही. तो करडा रंगवा वा तपकिरी, ती चित्रकाराची निवड असते.

१७.
आता पायाखालची जमीन. पिसदुऱ्यात हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही भरपूर मिळते. सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्येच तिचे सविस्तर वर्णन केले होते. डे ला बेशने शंभर वर्षांपूर्वी चित्रात दाखवलेली हीच ती वस्तू. प्राणी काय खात होता हे हाडांवरून फक्त तर्काने कळते. विष्ठेत ते प्रत्यक्ष असते. पण ते वाचण्याची रीत हाती यायला पुढे सहा दशके लागली.

१८.
वनस्पती मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका शोषतात आणि ती पेशींमध्ये बारीक काचकणांच्या रूपात साठते. पान कुजते, कण उरतो. या कणांना फायटोलिथ म्हणतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याची विष्ठा तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे फायटोलिथ मिळाले. तेही एकाच नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. नोव्हेंबर २००५ मध्ये हा शोध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१९.
तोवर गवताचे निःसंदिग्ध अवशेष सुमारे ५.५ कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते. गवत टाळणारे चित्रकार म्हणूनच चुकीचे नव्हते. त्यांच्या काळच्या पुराव्याशी ते प्रामाणिक होते. पुरावा बदलला आणि चित्रही बदलले. २०११ मध्ये त्याच सामग्रीच्या पुढील अभ्यासातून भाताच्या कुळाशी जवळीक असलेल्या गवतांचे कणही ओळखले गेले. पूर्व विदर्भात आज धानाची शेती होते. त्याच भूमीवर भाताचे दूरचे पूर्वज डायनोसॉरांच्या पोटात जात होते, हे कोणत्याही कल्पित दृश्याहून विलक्षण आहे.

२०.
म्हणून काय आता डायनोसॉर हिरव्यागार कुरणात चरताना रंगवायचे? तेही नाही. त्या विष्ठेत गवताबरोबर ताड-माड कुळाचे, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही अंश आहेत आणि गवताचा वाटा माफकच आहे. दुसऱ्या एका अभ्यासात पिसदुऱ्याच्या विष्ठेत झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या बुरशी सापडल्या. प्राणी झाडपालाही खात होता, हे त्यावरून कळते. बरोबर चित्रात पाणथळ जागेच्या कडेने, झाडांच्या अधेमधे गवताचे तुरळक झुबके असतील. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच गवत.

२१.
आता कोकणातील कातळशिल्पांची आठवण होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर माणसांनी जांभ्यात कोरलेले हत्ती, वाघ, मासे आहेत. काही आकृत्यांत जाणकारांना गेंडा आणि पाणघोडाही दिसतो, जे आज कोकणात नाहीत. कोरणाऱ्याने प्राणी पाहिला असेल, तर ते चित्रच त्या काळच्या परिसराचा पुरावा ठरते. डायनोसॉर रंगवणाऱ्याचे उलट आहे. त्याला परिसराच्या पुराव्यावरून चित्राकडे यावे लागते. पहिला साक्षीदार, दुसरा तपास करणारा. दोघांचे काम कलेचेच, पण विश्वासाची कसोटी वेगळी.

२२.
इतिहासलेखनही बहुतांशी या दुसऱ्या जातीचे आहे. एका ताम्रपटावरून एका गावाची शेती, कर, देवस्थान आणि भांडणे उभी करावी लागतात. तेथेही तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: जे प्रत्यक्ष मिळाले ते, नात्याने किंवा साम्याने ठरवले ते, आणि रिकामी जागा भरण्यासाठी कल्पिले ते. आयसिसॉरसचा पुढचा पाय पहिल्यात बसतो, त्वचा दुसऱ्यात, रंग तिसऱ्यात. तिन्ही एकाच कुंचल्याने रंगवली जातात आणि पाहणाऱ्याला सारखीच खरी वाटतात. चित्राखाली वर्ष आणि आधार लिहिण्याची पद्धत म्हणून हवी. वर्ष दिसले की पुढच्या अभ्यासकाला कळते, ते कोणत्या पुराव्यापर्यंतचे चित्र आहे.

२३.
पुरावा मात्र कायम हाताशी राहत नाही. नवी मुंबईत डोंगर कापणे नित्याचे आहे. कुठे दगडखाण, कुठे रस्ता, कुठे इमारत. उलव्याची टेकडी विमानतळासाठी उतरवली गेली. दगड फोडला की आतले थर पहिल्यांदा उजेडात येतात आणि काम पुढे सरकले की कायमचे जातात. वरळीचे बेडूक जगाला कळले, कारण दगड उघडा असताना कोणाचे तरी लक्ष गेले आणि नमुना जाणकारापर्यंत पोचला.

२४.
एवढे कोणीही करू शकतो. कापलेल्या उतारात दोन काळ्या थरांमध्ये तांबूस पट्टा दिसला, किंवा त्याहून मोलाचा, पानापानांनी सुटणारा फिकट गाळ दिसला, तर सुरक्षित अंतरावरून छायाचित्र घ्यावे. मोजमापासाठी शेजारी एखादी ओळखीची वस्तू येऊ द्यावी. ठिकाण, दिनांक आणि थराचा कल कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवावे. दगड उचलून घरी नेऊ नये. जागेवरून हलला की त्याची अर्धी माहिती गेली. ती नोंद जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे पोचवावी. बहुतेक वेळा तिथून साधी माती असल्याचे उत्तर येईल. पिसदुऱ्याचे गोळेही कितीतरी वर्षे असेच साधे समजले गेले होते.